पॅडलने दाते सरकतात, त्यांच्यातलं अंतर नाही

इथल्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की सॅनॅक लूप फिल्टरमध्ये (फायबरच्या वेटोळ्यातून प्रकाश दोन्ही दिशांनी फिरवून ठराविक तरंगलांब्याच पुढे सोडणारा फिल्टर) पोलरायझेशन कंट्रोलरचे, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलणाऱ्या साधनाचे, पॅडल फिरवले की दात्यांमधलं, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये कंगव्यासारख्या दिसणाऱ्या शिखरांमधलं, अंतरही हवं तसं बदलतं. लूपमध्ये पीएम फायबरचा (पोलरायझेशन टिकवून ठेवणाऱ्या फायबरचा) एकच तुकडा असेल तर हे पटत नाही. अंतर ठरतं बायरेफ्रिंजन्स (फायबरच्या दोन अक्षांच्या अपवर्तनांकांमधला फरक) आणि फायबरच्या लांबीवरून: १५५० नॅनोमीटरला, बायरेफ्रिंजन्स ०.०००४ धरला, तर १० मीटर पांडा फायबरला (पीएम फायबरचाच एक प्रकार) ते जेमतेम ०.६ नॅनोमीटर येतं. पॅडलने दात्यांची अख्खी रांग सरकते, दात्यांमधल्या दऱ्यांची खोली कमीजास्त होते, एवढंच. अंतर बदलायचं तर दोन तुकडे घाला आणि मधे कंट्रोलर लावा.

तापमानाचं मात्र कोणीच बोललं नाही, आणि मुंबईत खरा छळ त्याचाच. पांडाचा बायरेफ्रिंजन्स आतल्या ताणामुळे असतो. फायबर गरम झालं की ताण सैलावतो आणि रांग कमी तरंगलांबीकडे जाते, दर अंश सेल्सिअसमागे साधारण १ नॅनोमीटर. म्हणजे १० मीटरवाल्या फिल्टरमध्ये एका दात्याहून जास्त! अंधेरीतल्या आमच्या लॅबमध्ये मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला की स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पडद्यावर दाते डावीकडे सरकताना सरळ दिसायचे. फायबरची गुंडाळी थर्माकोलच्या डब्यात ठेवली तेव्हा कुठे पॅडल लावून काही मोजता आलं.