मदत हवी आहे: १२ वर्षांच्या मांजरीला शुगर निघाली, कमी खर्चात कसं सांभाळू?

सुईदोरा:

नमस्कार. मी सेलूची, जिल्हा परभणी. घरी शिवणकाम करते. मिस्टर जिनिंगवर आहेत, म्हणजे होळीनंतर त्यांचं काम थांबतं. आमची भुरी १२ वर्षांची आहे. सासरे गेले त्या वर्षी ती दारात आली, तेव्हापासून सासूबाईंच्या पायाशी झोपते.

संक्रांतीच्या आसपास ती पाण्याच्या भांड्यापासून हलेना. खायची दुप्पट, आणि तरी पाठीचा मणका हाताला लागायला लागला. दिवाळीत किराणा दुकानाच्या काट्यावर ५ किलो २०० भरली होती, आता ३ किलो ९००. मी म्हणलं म्हातारपण असेल. पण तिच्या वाळूच्या घमेल्याला मुंग्या लागल्या आणि ते बघून सासूबाईच म्हणाल्या, "अगं, हिला माझंच दुखणं लागलंय." त्यांना स्वतःला कितीतरी वर्षांपासून शुगर आहे.

इथं दाखवलं तर जंताचं औषध मिळालं, मग तापाचं इंजेक्शन. पंधरा दिवस त्यातच गेले, त्याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी झाकणाच्या टोपलीत घालून सकाळच्या गाडीनं परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. रक्तातली साखर ४१२, लघवीतही साखर, किटोन (शुगर फार बिघडली की लघवीत उतरतात ते) नाहीत, किडनी ठीक. ग्लार्जिन इन्सुलिन लिहून दिलंय, १ युनिट सकाळी, १ संध्याकाळी. मागचे पाय ती टाचा टेकवून टाकायली आहे, तेही शुगरमुळंच म्हणाले.

महिन्याला १५०० रुपयांपर्यंत मी काढू शकते, त्याच्या वर नाही. म्हणून विचारते की काटकसर कुठं चालेल आणि कुठं अजिबात नाही. सासूबाईंच्या लाल टोपणाच्या सिरिंज घरात आहेत, त्याच वापरू का? त्यांचं इन्सुलिनच भुरीला दिलं तर? त्यांच्या गोळ्याही आहेत, मेटफॉर्मिनच्या. आजवर ती दूधभाकरीवर वाढली, आता काय घालू? आणि इथं उन्हाळ्यात लाइट सहा-सहा तास जाते, तेव्हा इन्सुलिन कुठं ठेवू?

"माणसाला औषध मिळंना अन् तुम्ही मांजरीला सुया टोचायलेत" असं गल्लीतले म्हणायलेत. ते इथं कुणी लिहू नका, एवढी विनंती.

---

लातूरकर:

ताई, आधी सिरिंजचं वाचा, बाकी नंतर. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असणाऱ्या इन्सुलिनची असते. ग्लार्जिन सहसा १०० युनिटचं येतं. लाल सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ग्लार्जिन भरलं तर १ नाही, अडीच युनिट जाईल. एवढ्याशा जिवाला ते जिवावर बेतू शकतं. १०० युनिटची, केशरी टोपणाची घ्या, त्यातही ०.३ मिलीची मिळाली तर बघा, बारीक रेघा नीट दिसतात. दोघींच्या सिरिंज दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. आमच्या घरी भाऊ रात्रपाळीहून येऊन सुई द्यायचा, झोपेत चूक होऊ नये म्हणून बोक्याच्या डब्याला आम्ही लाल फडकं बांधलं होतं.

पैसे वाचायची खरी जागा इन्सुलिनच्या बाटलीत आहे. १० मिलीची बाटली म्हणजे १००० युनिट, तुम्हाला महिन्याला लागणार ६०. ३ मिलीचं पेनचं कार्ट्रिज सुटं मागा, त्यात ३०० युनिट असतात. डॉक्टरांना विचारून त्यातूनच सिरिंजनं काढायचं. माझा बोका दोन वर्षं त्यावर राहिला.

---

पशुवैद्य_उदगीर:

वरचा सिरिंजचा मुद्दा अगदी बरोबर. मी थोडी भर घालतो.

मेटफॉर्मिन देऊ नका, मांजरात त्याचा उपयोग होत नाही. सासूबाईंचं इन्सुलिन मिश्र असेल तर तेही नको. ओळखायची सोपी खूण आहे. त्यांचं दुधाळ असतं, भुरीचं पाण्यासारखं नितळ. ग्लार्जिन कधी गढूळ दिसलं तर टाकून द्या.

४१२ या एका आकड्यावर मी गेलो नसतो, कारण घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनंही ३०० वर जाऊ शकते. पण लघवीत साखर, वजनातली घट आणि टाचांवरची चाल, हे सगळं एकत्र आहे, त्यामुळं शंका नाही. पाय बऱ्याचदा सुधारतात, साखर आटोक्यात आली तर, पण महिने लागतात.

आता जेवण. दूध बंद, भाकरी बंद, मांजरांचे विकतचे पिठूळ कोरडे दाणेही शक्यतो बंद. मांजराला पिष्टाची गरज नसते. मटणाच्या दुकानी जायची गरज नाही, कोंबडीचं बिनहाडाचं मांडीचं मांस आणि कोंबडीची हृदयं घ्या. हृदयं चिकनवाला जवळजवळ फुकट देतो आणि त्यात टॉरिन नावाचं पोषकद्रव्य भरपूर असतं, जे मांजराला जेवणातूनच मिळावं लागतं. थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही. कलेजी आठवड्यातून एखाद्या वेळीच. नुसत्या मांसात कॅल्शियम कमी पडतं, अंड्याच्या टरफलाची पूड किती घालायची ते परभणीच्या डॉक्टरांना विचारा.

एक सावधगिरी. भाकरी अचानक तोडली तर साखर झपाट्यानं उतरते आणि तेच १ युनिट जास्त होऊ शकतं. म्हणून जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. भुरी जेवली नाही तर फोन केल्याशिवाय सुई टोचू नका. सुई निसटली, औषध केसांवर सांडलं, असं वाटलं तरी पुन्हा देऊ नका. एक वेळ साखर वाढलेली चालते, उतरलेली चालत नाही. झोकांड्या, थरथर, नजर शून्यात, असं दिसलं तर मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांवर चोळा आणि तसंच उचलून दवाखान्यात न्या. जेवण आणि इन्सुलिन लवकर नीट बसलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढं सुटतंही. मात्र ते डॉक्टरच ठरवतील.

---

गोदाकाठ:

आमच्या गंगाखेडला लाइटची हीच कथा. आईचं इन्सुलिन आम्ही माठात ठेवतो. बाटली झाकणाच्या प्लॅस्टिक डबीत, डबी कोरड्या छोट्या मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या घमेल्यात, वरून ओलं फडकं. सावलीत आणि वाऱ्याला ठेवायचं, वाळू सुकू द्यायची नाही. फ्रिजइतकं गार होत नाही, पण ४२ अंशांतून वाचतं. न उघडलेलं कार्ट्रिज मात्र फ्रिजमध्येच, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून कधीच नाही, गोठलं की गेलं.

---

सुईदोरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल सिरिंज मी त्याच रात्री वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. लातूरकर दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वापरणार होते.

आज २४ दिवस झाले. कार्ट्रिज घेतलं. परभणीला फोन करून जेवण आठ दिवसांत हळूहळू बदललं. दुधासाठी पहिले तीन दिवस ती ओरडली, सासूबाई उठून मागच्या खोलीत जाऊन बसायच्या, त्यांना ऐकवत नव्हतं. आता हृदयं आवडीनं खाते. सकाळी सातला ताटली ठेवते आणि ती खाताना पाठीच्या कातडीची चिमट धरून सुई देते, तिला कळतही नाही.

साखर घरीच बघायला शिकले. ऊब दिलेला कपडा कानाला लावायचा आणि कडेला टोचायचं. यंत्र सासूबाईंचंच, टोचणी वेगळी. माणसांचं यंत्र मांजराला खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून वहीत लिहून त्यांना कळवते, स्वतः डोस हलवत नाही. काल दुपारी १८६ होती. वजन ४ किलो ५० ग्रॅम. घमेल्याला मुंग्या नाहीत.

एकच अडचण उरली. पुढच्या महिन्यात जालन्याला भाचीचं लग्न आहे, दोन दिवस घरी फक्त सासूबाई. त्यांचा हात थरथरतो, स्वतःची सुईसुद्धा त्या माझ्याकडून घेतात. टोपलीत घालून लग्नघरी नेऊ का भुरीला?

---

पशुवैद्य_उदगीर:

लग्नघरी नको. गोंगाटात ती जेवणार नाही आणि मग सुईचाही प्रश्न येईल. घरीच कुणी येऊन देत असेल तर उत्तम.

---

कापूसवेचणी:

ताई, मी आजवर नुसती वाचत होते. मी पण सेलूचीच आहे, नर्सिंग केलंय. दोन्ही वेळा येऊन भुरीला आणि आजींना, दोघींनाही सुई देऊन जाईन. लग्नाच्या आधी एकदा मला तिच्याजवळ बसू द्या, म्हणजे वास ओळखीचा होईल.