मदत हवी आहे: चीनच्या २२०–५८९ या काळातली घराणी मराठीत कशी लिहावीत?

कालपट:
भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भाषांतरकारांवरच्या मराठी पुस्तकासाठी कालपट आणि सूची करते आहे. इंग्रजी साधनांतल्या फॉर्मर, लेटर, ईस्टर्न, नॉर्दर्न यांच्यासाठी सरसकट ‘पूर्व’ आणि ‘उत्तर’ वापरले. आता ‘उत्तर लिआंग’ या एकाच नोंदीखाली कुमारजीव आणि धर्मक्षेम दोघेही येतात, शहरही एकच, गूजांग (आजचे वूवेइ, गान्सू प्रांत). सनावळी मात्र जुळत नाही. शिवाय ‘सहा राजवंश’, ‘सोळा राज्ये’, ‘दक्षिण-उत्तर राजवंश’ ही एकाच काळाची नावे की वेगवेगळ्या? आणि जिन राज्याची सुरुवात कुठे २६५, कुठे २६६ दिली आहे. कोणते साल घेऊ?

षष्ठी_विभक्ती:
घोळ मराठीतला आहे, चीनमधला नाही. आपल्याकडे ‘उत्तर’ ही दिशाही आणि ‘नंतरचा’ही (उत्तर पेशवाई आठवा). ‘पूर्व’चे तेच. चिनीत दिशेला आणि काळाला वेगळी अक्षरे आहेत. तुमच्या ‘उत्तर लिआंग’मध्ये दोन राज्ये मिसळली आहेत: ल्यू ग्वांगने उभे केलेले नंतरचे लिआंग (३८६–४०३) आणि पुढे जुछू घराण्याच्या हाती गेलेले उत्तरेचे लिआंग (३९७–४३९). कुमारजीव पहिल्याच्या ताब्यात होता आणि ४०१ साली त्याला तिथून छांगआनला नेले. धर्मक्षेमाने महापरिनिर्वाणसूत्राचे भाषांतर केले ते दुसऱ्याच्या आश्रयाने. ‘उत्तर येन’ अशी नोंद केली असेल तर तीही तपासा, तिथेही नंतरचे (३८४ पासून) आणि उत्तरेचे (४०७ पासून) अशी दोन आहेत.

‘पूर्व हान’ त्याहून वाईट. आधीचे हान म्हणजे इ. स. पू. २०६ ते इ. स. ९, राजधानी छांगआन. राजधानीवरून त्यांनाच पश्चिमेचे हान म्हणतात. पूर्वेचे हान म्हणजे लुओयांगचे, इ. स. २५ ते २२०. म्हणजे ‘पूर्व हान’ काळाने वाचले तर एक अर्धा भाग, दिशेने वाचले तर नेमका दुसरा!

उपाय सोपा आहे. दिशेला षष्ठी लावा: उत्तरेचे वेइ, पूर्वेचे जिन, दक्षिणेचे छी. काळासाठी ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’: आधीचे छिन (३५१–३९४), नंतरचे छिन (३८४–४१७). वेंगीच्या चालुक्यांना ‘पूर्व चालुक्य’ म्हटले की आपलाही वाचक बदामीच्या आधीचे कोणी शोधू लागतो. वेंगीचे म्हटले की प्रश्न मिटतो. दिशेने भागत नसेल तर इथेही राजधानीच लावा. ‘पश्चिमेचे लिआंग’ दोन आहेत, एक दुनहुआंगकडचे (४००–४२१), दुसरे जिआंगलिंगचे (५५५–५८७), आणि चिनीत त्या दोन लिआंगांची अक्षरेही निराळी आहेत. देवनागरीत ती एकच दिसतात, त्यामुळे राजधानीशिवाय वेगळे करता येत नाहीत.

तोबा:
वरच्याला जोडून. ही विशेषणे राजांनी स्वतः लावलेली नाहीत, इतिहासकारांनी ओळखीसाठी जोडली आहेत. शिलालेखात ‘महा वेइ’ दिसले तर नवे राज्य समजून वेगळी नोंद करू नका.

‘घराणे’ शब्द मी टाळेन. सातवाहन हे घराण्याचेच नाव. सोंग हे राज्याचे नाव आहे आणि घराणे लिउ. दक्षिणेच्या छी आणि लिआंग या दोन्ही राज्यांचे राजे शिआओ आडनावाचे. म्हणून राज्यावर आडनाव चढवा: लिउंचे सोंग (४२०–४७९), म्हणजे ९६० साली सुरू झालेल्या सोंगांशी गल्लत नाही. सिमांचे जिन म्हटले की बाराव्या शतकातले जुर्चेन लोकांचे जिन वेगळे राहतात.

तुम्हाला तर हे करावेच लागेल, कारण तैशो त्रिपिटकाच्या (चिनी बौद्ध ग्रंथांचा जपानमध्ये छापलेला संग्रह) सूचीत भाषांतरकारापुढे बऱ्याचदा आडनावासकट राज्य असते. याओ-छिन म्हणजे नंतरचे छिन, फू-छिन म्हणजे आधीचे. युआन-वेइ दिसले की मंगोलांचे युआन आठवतात, पण ते उत्तरेचे वेइच: तोबा राजघराण्याने ४९६ साली युआन आडनाव घेतले. बोधिरुचीपुढे हेच लिहिलेले असते.

षष्ठी_विभक्ती:
काळाची नावे. सोळा राज्ये: ३०४–४३९, फक्त उत्तर आणि सिचुआन. सोळा हा आकडा छुइ होंग या इतिहासकाराच्या ग्रंथातून आला. प्रत्यक्षात राज्ये जास्त होती. पश्चिमेचे येन किंवा रान आडनावाच्या राजांचे वेइ (३५०–३५२) यादीत नाहीत, म्हणून मोजत बसू नका.

दक्षिण-उत्तर राजवंश: ४२०–५८९. उत्तरेचे वेइ ३८६ मध्ये स्थापन झाले तरी ४३९ मध्ये गूजांग घेईपर्यंत सारी उत्तर त्यांच्याकडे नव्हती. राज्याचे साल आणि कालखंडाचे साल एकाच रकान्यात घालू नका, कालपट तिथेच फसतो. शेवटही तसाच: स्वेइ ५८१ मध्ये सत्तेवर आले, पण दक्षिणेचे छन ५८९ मध्ये पडले.

सहा राजवंश हे काटेकोरपणे फक्त आजच्या नानजिंगला राजधानी असलेले: वू, पूर्वेचे जिन, सोंग, छी, लिआंग, छन. कलेच्या पुस्तकांत ते सगळ्या २२०–५८९ ला चिकटवतात, आणि मग उत्तरेतली युन्गांगची लेणीही ‘सहा राजवंशांची’ होतात. तुम्ही हा शब्द दक्षिणेपुरताच ठेवा. ‘मध्ययुगीन’ तर नकोच. मराठी वाचकाला यादव-बहामनी दिसतील, आणि हा काळ वाकाटक-गुप्तांचा.

२६५ की २६६: जिनांचा पहिला सम्राट सिमा येन चिनी वर्षाच्या बाराव्या महिन्यात गादीवर आला, आपल्या कॅलेंडरने फेब्रुवारी २६६. चिनी वर्षाचे ढोबळ रूपांतर केले की २६५ येते. पश्चिमेच्या वेइंचा शेवट ५५६ आणि ५५७ असा दोन्ही दिसतो, तोही याच कारणाने. महिना कळतो तिथे २६६ आणि ५५७ घ्या.

कालपट:
मग फाहियान कोणत्या नोंदीखाली? आणि परमार्थ?

तोबा:
फाहियान ३९९ मध्ये छांगआनहून निघाला तेव्हा तिथे नंतरचे छिन होते. परतून जिआनकांगला (आजचे नानजिंग) त्याने भाषांतरे केली ती पूर्वेच्या जिनांच्या राज्यात. सूची भाषांतराच्या जागेवरून चालते, म्हणून पूर्वेचे जिन. उज्जैनचा परमार्थ ५४६ मध्ये चीनला पोचला आणि ५६९ मध्ये वारला, मधेच ५५७ मध्ये लिआंग जाऊन छन आले. त्याच्या ग्रंथांवर दोन्ही नावे सापडतील, त्यामुळे माणसाची नोंद एक ठेवा आणि राज्य प्रत्येक ग्रंथापुढे लिहा.