दुय्यम विषय कसा निवडलात? अनुभव सांगा

लेक एफवाय बी.एस्सी. झाली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षी तीन विषय होते: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल. आता एसवायला त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम) आणि तिसऱ्याला रामराम. वनस्पतिशास्त्र मेजर हे नक्की. घोडं अडलंय मायनरवर. आजी म्हणते रसायन, मामा म्हणतो रसायन, लेक गप्प. आमच्या वेळी बी.एस्सी.ला चार, मग तीन, मग एक असे विषय गळत जायचे. शेवटी उरेल तो आपला. त्यामुळे मला यातलं काही सांगता येत नाही. सल्ले घरात भरपूर आहेत. तुम्ही दुसरा विषय कशावरून घेतलात आणि पुढे त्याचं काय झालं, तेवढं लिहा.

शेवटचीएसटी
पुणे विद्यापीठ, बी.ए., १९९६ ची बॅच. स्पेशल, म्हणजे मुख्य विषय, मराठी. जनरलला भूगोल घेतला, कारण त्याचा तास बाराला सुटायचा आणि सव्वाबाराची गाडी मिळायची. इतिहास घेतला असता तर पुढची गाडी थेट तीनला. बस, एवढाच विचार. भूगोलाची आवड वगैरे अजिबात नव्हती, जी-२ चा, म्हणजे दुसऱ्या वर्षीचा जनरलचा पेपर तर रडत दिला.

पुढे बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती निवडायच्या होत्या. मराठीसोबत दुसरी कोणती? पदवीला होता म्हणून भूगोल. नोकरी शोधताना मराठीवाल्यांची ही रांग! एका शाळेला मात्र मराठी शिकवून भूगोलाचेही तास घेणारं माणूस हवं होतं. तिथे लागले ती आजतागायत. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा मुलांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून एकदा बटाटा आडवा कापून एकेक चकती कागदावर ठेवली आणि कडेने पेन्सिल फिरवली. चकत्यांचा डोंगर कागदावर उतरला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही त्या रेषा पहिल्यांदा नीट कळल्या. आता मराठीचे तास दुसऱ्या बाई घेतात, मी पूर्णवेळ भूगोल.

नटबोल्ट
मेकॅनिकलला होतो, मायनर संगणकाची. आमच्या वेळी इंजिनीअरिंगमध्ये हे प्रकरण वेगळं होतं. मायनरची १८-२० क्रेडिटं (अभ्यास मोजायचं एकक) पदवीच्या वरची असायची, म्हणजे तास जादा, परीक्षा जादा. माझे शनिवार गेले. सहाव्या सत्रात सोडून दिलं. पदवीला काही धक्का लागला नाही, फक्त प्रमाणपत्रावर ती ओळ आली नाही. लेकीचं तसं नाही. तिची मायनर पदवीच्या आतच मोजतात, मध्येच सोडायची सोय नाही.

अर्धीपरीक्षा
यूपीएससीला उपयोगी पडेल म्हणून राज्यशास्त्र घेतलं होतं. वैकल्पिक विषय पदवीचाच असावा अशी अटच नाही, हे टीवायला कळलं! तोवर मानसशास्त्राचा वर्ग खिडकीतूनच बघत होतो.

सध्याएसवाय
मला अर्थशास्त्राबरोबर मानसशास्त्र हवं होतं, पण त्याची प्रात्यक्षिकं नेमकी मेजरच्या तासाला. मग संख्याशास्त्र. आधी वेळापत्रक बघायला सांगा, बाकी चर्चा नंतर. आणि काकू, मायनर रसायन असेल तर प्रॅक्टिकलचे तास मोजा. एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, प्रॅक्टिकलचे ३०. मार्क तेवढेच, उभं राहणं दुप्पट.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. लेकीने कॉलेजात वेळापत्रक मागितलं, तर 'अजून लागलं नाही' असं उत्तर मिळालं. फॉर्म भरायची मुदत परवापर्यंत. मामाचा फोन येऊन गेला, रसायनच. आत्ता स्वयंपाकघरात गेले तर रात्रीच्या भाजीसाठी ठेवलेल्या बटाट्यांतला एक आडवा कापलेला, आणि किराण्याच्या यादीच्या मागे पेन्सिलीने एक डोंगर.