दम लागला की कॉमा? इंग्लिशमध्ये हे चालत नाही

त्रासलेला_तपासनीस:
दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्लिश तपासणं हेच माझं काम, त्यामुळे आता स्पष्टच बोलतो. आपल्या लोकांचं स्पेलिंग ठीक असतं, टेन्सही बऱ्यापैकी जमतात, पण कॉमा? शाळेत सांगितलेलं असतं की कॉमा आला की जरा थांबायचं, ते सगळ्यांनी उलटं करून घेतलंय, थांबलो की कॉमा! मग कर्ता जरा लांबला की त्याच्या आणि क्रियापदाच्या मधेच तो येऊन बसतो. मराठीत 'तो म्हणाला, की' लिहायची सवय, म्हणून 'ही सेड, दॅट' असंही लिहितात, तिथे इंग्लिशमध्ये कॉमा नसतो. आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटवणं तर सर्रास. 'द मीटिंग इज कॅन्सल्ड, प्लीज टेल एव्हरीवन.' अरे फुलस्टॉप द्या, सेमीकोलन द्या, नाहीतर मधे 'सो' तरी घाला. माझ्या मते ज्याला कॉमा कळत नाही त्याला वाक्यच कळलेलं नसतं.

मोकळाढाकळा:
साफ असहमत. मीटिंग नाहीये हे सगळ्यांना कळलं ना? मग झालं तर. आणि श्वासाला हसताय, पण ही चिन्हं मुळात आलीच त्यासाठी. इ.स.पू. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या अ‍ॅरिस्टोफेनीसने ओळीत खाली, मधे, वर टिंबं द्यायची पद्धत काढली, मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणून. बरं, 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' यात तीन पूर्ण वाक्यं कॉमानेच जोडलीत, तिथे मारणार का लाल पेन?

त्रासलेला_तपासनीस:
छोट्या, एकाच ठेक्याच्या वाक्यांना ती सूट आहेच. आणि तेव्हा शब्दांमधे जागाही सोडत नसत हो, मोठ्याने वाचल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. आता आपण मनात वाचतो, कॉमा डोळ्यांसाठी असतो, फुफ्फुसांसाठी नाही.

सही_आधी_वाचा:
'अर्थ पोचला ना' वाल्यांसाठी एक. 'द एम्प्लॉईज हू केम लेट लॉस्ट देअर बोनस', म्हणजे जे उशिरा आले फक्त त्यांचा बोनस गेला. आता 'एम्प्लॉईज'नंतर एक आणि 'लेट'नंतर एक कॉमा द्या. सगळेच उशिरा आले आणि सगळ्यांचाच गेला! शब्द तेच. अमेरिकेत मेन राज्यात तर ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर ओव्हरटाइमसाठी कोर्टात गेले होते. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही त्याची कायद्यात यादी होती, शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन', आणि 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, यात फक्त पॅकिंग येतं, आम्ही माल पोचवतो, पॅक करत नाही. २०१७ मधे कोर्टाने कायदा संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मधे ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मोकळाढाकळा:
अहो पण ही केस माझ्याच बाजूची आहे! त्या राज्याच्या कायदेलेखनाच्या मॅन्युअलमधेच लिहिलं होतं की यादीत शेवटच्या 'अँड', 'ऑर'आधी कॉमा देऊ नका, म्हणजे लिहिणाऱ्याने नियम पाळूनच घोळ झाला. नंतर त्यांनी सरळ सेमीकोलन टाकले. इंग्लिश लेखनाच्या नियमांचं शिकागो मॅन्युअल म्हणतं तो कॉमा द्याच, एपी या वृत्तसंस्थेवाले साध्या यादीत देत नाहीत. तज्ज्ञांचंच जमत नाही आणि आम्हाला लाल पेन.

सही_आधी_वाचा:
भांडण त्या एका कॉमापुरतं आहे हो. कर्ता-क्रियापदाच्या मधे कॉमा घाला असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

नुसतीच_वाचते:
जरा अवांतर, अवतरणचिन्ह बंद करताना कॉमा आत की बाहेर? मला दोन्हीकडून ओरडा बसलाय.

त्रासलेला_तपासनीस:
अमेरिकन पद्धतीत आत, ब्रिटिशमधे तो मूळ वाक्याचा भाग असेल तर आत नाहीतर सहसा बाहेर. कोणासाठी लिहिताय ते आधी विचारून घ्या.

मोकळाढाकळा:
बघा, नियम! 😄