सोलर जनरेटर मुंबईच्या घरातही हवा, असं माझं मत आहे. तुमचं?

निळी_ताडपत्री (विक्रोळी)

गेल्या जुलैत आमच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं आणि दुपारी चारला गेलेली लाइट रात्री अकराला आली. मीटर रूममध्ये गुडघाभर पाणी असताना कुणी मेन चालू करणार नाही, ते बरोबरच आहे. पण आमचे अण्णा घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या विजेच्या मशीनवर. इमारत म्हाडाची जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी आणि शेजारचे दोघे साचलेल्या पाण्यातून भांडुपपर्यंत गेलो, सिलिंडर मिळवला आणि खांद्यावरून जिना चढवला. तोवर अण्णा पलंगावर बसून, खिडकीकडे तोंड करून श्वास ओढत होते. ते मला पुन्हा बघायचं नाही.

म्हणून यंदा सोलर जनरेटर घेतला. नाव जनरेटर असलं तरी इंजिन नाही, धूर नाही, आवाज जेमतेम पंख्याएवढा. आत लिथियम बॅटरी आणि तिची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारा इन्व्हर्टर, पुढे साधे सॉकेट, सोबत घडीचं पॅनल. माझी पेटी १ युनिटची, म्हणजे १००० वॉट-तासांची. वजन १३ किलोच्या आसपास. पॅनल २०० वॉटचं. दोन्ही मिळून सत्तर हजार गेले.

गावाकडे लोडशेडिंगची सवय असते, माणसं तयारीत असतात. मुंबईत लाइट जाणारच नाही असं आपण धरून चालतो आणि वेळेला घरात मेणबत्तीसुद्धा सापडत नाही. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. लोकल जागच्या जागी उभ्या, आणि काही भागांत वीज यायला संध्याकाळ उलटली. पेट्रोलवरचा छोटा जनरेटर फ्लॅटमध्ये चालवता येत नाही. गॅलरीत ठेवला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि झोपेतच माणसं जातात.

माझं मत असं, की ज्या घरात आजारी किंवा फार थकलेलं माणूस आहे त्या घरात ही पेटी हवीच. आणि सोसायटीने खिडकीच्या ग्रिलवर पॅनल लावायला हरकत घेऊ नये. आमच्या कमिटीने नकार दिलाय, त्यावरही बोला.

जुना_मीटर (परळ)

वीजपुरवठ्याच्या कामात ३४ वर्षं काढून निवृत्त झालोय. अण्णांचं वाचून वाईट वाटलं, म्हणूनच स्पष्ट लिहितो: तुमचा हिशेब बसत नाही.

मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातो. फ्लो कमी ठेवला म्हणून त्याचा कॉम्प्रेसर फारसा कमी खात नाही. १००० वॉट-तासांतले दीडशे तरी इन्व्हर्टरमध्येच जातात. उरले ८५०. म्हणजे जेमतेम अडीच तास. तुमची लाइट सात तास गेली होती. उरलेले साडेचार तास पॅनल भरून काढेल म्हणाल, तर जुलैच्या काळ्या ढगाखाली २०० वॉटचं पॅनल वीस-तीस वॉट देईल. आणि रात्री काय?

त्यापेक्षा साधा घरगुती इन्व्हर्टर घ्या. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर, म्हणजे ॲसिडच्या बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३६०० वॉट-तास. त्या पूर्ण उतरवायच्या नसतात, म्हणून निम्मेच धरा. तरी तुमच्या पेटीच्या जवळजवळ दुप्पट वेळ, आणि पैसे जवळपास निम्मे. डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं, चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतात, हे मान्य.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. अशी पेटी दोन्हीकडे पिना असलेल्या वायरने भिंतीतल्या सॉकेटला जोडून अख्खं घर चालवायचा प्रकार कुणीही करू नका. मेन चालू राहिला तर वीज उलटी लाइनवर जाते, आणि बाहेर बंद लाइन समजून हात घालणारा वायरमन मरतो. उपकरण थेट पेटीलाच लावायचं.

निळी_ताडपत्री

काका, अडीच तासांचा आकडा मान्य. मी कंपनीच्या कागदावर भिस्त ठेवली, स्वतः पूर्ण चालवून पाहिलं नाही. पण अडीच तासांत सिलिंडर आणता येतो. त्या दिवशी माझ्याकडे अडीच मिनिटंही नव्हती.

इन्व्हर्टरचा विचार केला होता. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या वर. दोन तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या आणि ठेवायच्या कुठे? आमचं घर १८० चौरस फुटांचं. चार्ज होताना ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवायला सांगतात. आमच्याकडे हवेशीर म्हणजे अण्णांच्या पलंगाजवळची खिडकी.

चौथी_खोली (लालबाग)

आमची खोली १० बाय १२. इन्व्हर्टरची ट्रॉली ठेवली तर रात्री एक माणूस बाहेर झोपेल. पेटी माळ्यावर जाते. मी ताडपत्रींच्या बाजूने.

पाळी_रात्रीची (शीव)

मी परिचारिका आहे. ताडपत्रीदादा, तुम्ही आणि काका दोघेही विजेचा विचार करताय, पण ऑक्सिजनसाठी पहिला आधार विजेचा नकोच. घरी भरलेला सिलिंडर ठेवा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतात. अण्णांना मिनिटाला २ लिटर लागत असतील तर हिशेबाने साडेबारा तास होतात. गळती, रेग्युलेटर वगैरे धरून दहा समजा. त्याला ना वायर, ना ऊन. मात्र रेग्युलेटर, पाना आणि नळी सिलिंडरलाच बांधून ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी तो उघडता आला पाहिजे. सिलिंडर भरलेला, पण उघडता कुणालाच येत नाही, असं मी घरोघरी पाहिलंय. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, गॅसच्या शेगडीपासून आणि देव्हाऱ्यातल्या निरांजनापासून लांब हवा.

पेटी वाया गेली असं मात्र म्हणणार नाही. औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझरला, कफ ओढायच्या सक्शन मशीनला ती उत्तम. झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं सीपॅप मशीन ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवून तीस ते साठ वॉटवर चालतं, म्हणजे एक रात्र सहज निघते. पण इन्सुलिनसाठी पेटी घेऊ नका. बंद फ्रिज चार तास तरी थंडावा धरतो, फक्त दार उघडू नये.

गच्चीचा_सेक्रेटरी (बोरिवली)

ग्रिलवरच्या पॅनलला माझा ठाम विरोध, आणि तुमच्या कमिटीचं मला पटतं. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. सोलर पॅनल म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. तुम्ही नायलॉनच्या दोरीने बांधलेलं पॅनल तिसऱ्या मजल्यावरून खाली शाळेच्या रिक्षेवर पडलं तर जबाबदार कोण? कमिटीच.

हे काम सोसायटीने एकत्र करायचं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. त्यात सोसायट्यांना सामाईक वापराच्या सोलरसाठी किलोवॉटमागे १८ हजार अनुदान मिळतं. गच्चीवरचा एक किलोवॉट चांगल्या दिवशी चार युनिट देतो. पंप, जिन्याचे दिवे, लिफ्ट यांचं बिल उतरतं. घरोघरी सत्तर-सत्तर हजारांच्या पेट्या घेतल्या तर तो पैसा गच्चीवर कधीच येणार नाही, ही माझी खरी चिंता आहे.

जुना_मीटर

सेक्रेटरीसाहेब, बिल उतरतं हे खरं, पण धागा लाइट गेल्यावरचा आहे. गच्चीवरचं साधं ग्रिड-जोड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. मी वर वायरमनचं लिहिलं, त्याच कारणासाठी ते तसं बनवलेलं असतं. १२ ऑक्टोबरला कडकडीत ऊन असतं तरी तुमचा पंप त्यावर चालला नसता. त्यासाठी लाइट गेल्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि मग खर्चाचा आकडा वेगळा होतो. सोसायटीच्या सभेत हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच अंधारात लोक तुम्हाला धरतील.

अकरा_महिने (कांजूरमार्ग)

सोसायटी, गच्ची, सभा हे सगळं मालकांचं. आम्ही भाड्याने. सहा वर्षांत चार घरं झाली. भिंतीत वायरिंग करून इन्व्हर्टर लावला तर तो पुढच्या भाडेकरूला. ताडपत्रींची इमारत म्हाडाची जुनी आहे, म्हणजे आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार. मग तीन-चार वर्षं ट्रान्झिट किंवा भाड्याचं घर. अशा वेळी गच्चीवर पैसे घालायला कोण तयार होईल? या वस्तूच्या नावात ‘सोलर’ आहे त्यापेक्षा ‘पोर्टेबल’ हा शब्द मुंबईकराच्या कामाचा आहे. टेम्पोत सामानाबरोबर जाते.

उत्तरायण (मुलुंड)

ऊन कुठून येणार, हे कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे दक्षिणेची खिडकी सोलरसाठी चांगली म्हणतात. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही, वर सज्जाची सावली. डिसेंबरमध्ये मात्र तोच सूर्य दुपारी ४७-४८ अंशांवर, आत लादीपर्यंत ऊन. म्हणजे खिडकीतलं पॅनल थंडीत चालतं आणि लाइट जायच्या दिवसांत झोपतं.

माझ्या पश्चिमेच्या खिडकीत १०० वॉटचं पॅनल आहे. समोर टॉवर उभा राहिल्यापासून एप्रिलच्या चांगल्या दिवशी दीडशे वॉट-तास मिळतात. कबुतरांची घाण रोज पुसावी लागते, कारण थोडा भाग झाकला तरी अख्ख्या पॅनलचं उत्पादन पडतं. आणि पेटी पॅनलशेजारी उन्हात ठेवू नका. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात, मेमध्ये ग्रिलवरचा पत्रा त्याच्याही पुढे जातो.

माझा सल्ला, पेटी ठेवा, पॅनल विका. भिंतीच्या सॉकेटवर ती दोनेक तासांत भरते.

निळी_ताडपत्री

ग्रिलचा हट्ट सोडला. घाटकोपरचं वाचून हात थांबला. पॅनल विकणार नाही. २००५ च्या २६ जुलैनंतर कलिन्याला मावशीकडे चार दिवस लाइट नव्हती. पावसाने उघडीप दिल्यावर गच्चीवर दोन तास पॅनल धरून बसलो असतो तर फोन आणि नेब्युलायझरपुरतं मिळालं असतं. सिलिंडर सांगितलाय, ताई. गुरुवारी येतोय.

पेटी मात्र हवीच, हे मत कायम.

जुना_मीटर

ठेवा. पण एकदा दिवसा, सिलिंडर घरात आल्यावर, अण्णांचं मशीन फक्त पेटीवर लावून बंद पडेपर्यंत चालवा. कॉम्प्रेसर सुरू होताना झटका घेतो, तेव्हा पेटी ट्रिप होते का बघा. त्याच वेळी फ्रिज लावू नका. किती वेळ चाललं ते कागदावर लिहून पेटीवर चिकटवा.

निळी_ताडपत्री

रविवारी केलं. ट्रिप झाली नाही. दोन तास बारा मिनिटं चाललं. पेटीने बीप दिल्यावर आईने सिलिंडर उघडला, मी हात लावला नाही. वेळ अण्णांनी स्वतः घड्याळात बघून लिहिली, त्यांच्याच अक्षरात चिकटवलीय.