मदत हवी आहे : गाळलेल्या जागा बरोबर येतात, पण स्वतःचे इंग्रजी वाक्य चुकते

नमस्कार. मी तासगावात बेदाण्याच्या एका अडत दुकानात पत्रव्यवहार आणि हिशेब पाहते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू होत असे. आता परराज्यांतील व्यापाऱ्यांना इंग्रजीतून मेल पाठवावे लागतात, म्हणून गेले सात महिने मी रोज रात्री अर्धा तास ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रकारचा सराव नेमाने करत आहे.

वीसपैकी सतरा-अठरा उत्तरे बरोबर येतात. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च्या पाठात तर वीसच्या वीस आली. त्याच आठवड्यात मी एका व्यापाऱ्याला लिहिले, ‘वी आर सेलिंग रेझिन्स फ्रॉम ट्वेल्व्ह इयर्स.’ मालकांच्या मुलीने पाठवण्यापूर्वी ते दुरुस्त करून ‘वी हॅव बीन सेलिंग रेझिन्स फॉर ट्वेल्व्ह इयर्स’ असे केले. जो नियम मला पाठ होता, तोच मी मोडला होता, याचे मला फार वाईट वाटले.

घरी आल्यावर वहीतील वाक्य आणि माझे वाक्य एकाखाली एक लिहून पाहिले. वहीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ हे क्रियापद आधीच छापलेले होते आणि मला फक्त ‘फाइव्ह इयर्स’च्या आधीचा एक शब्द भरायचा होता. मेल लिहिताना मात्र संपूर्ण वाक्य मनातल्या मराठीतून आले. मराठीत ‘बारा वर्षांपासून विकतो’ आणि ‘२०१२ पासून विकतो’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरते आणि क्रियापदही साध्या वर्तमानकाळात चालते, त्यामुळे इंग्रजीत काळ बदलावा लागेल हे लक्षातच आले नाही.

‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांच्या बाबतीतही असेच होते. सरावात प्रत्येक जागी या तिघांपैकी एक भरायचाच असतो, त्यामुळे जेथे काहीच लागत नाही तेथेही मी ‘द’ लिहून बसते. कृष्णेच्या आधी ‘द’ लागतो आणि सांगलीच्या आधी लागत नाही, हे मला अलीकडे योगायोगाने कळले.

माझा प्रश्न असा आहे : हा सराव सोडून द्यावा, की तो वेगळ्या रीतीने करता येईल? मला शिकवणी लावणे शक्य नाही. कृपया ज्यांनी असा अभ्यास केला किंवा करून घेतला आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी कराडला इंग्रजी शिकवतो. सराव सोडू नका. आपल्या चुकीचे कारण आपण स्वतःच अचूक शोधले आहे. एकाच नियमावरचे वीस प्रश्न असले की तिसऱ्या प्रश्नापासून वाक्य वाचण्याची गरजच उरत नाही. पुढे वर्षांची संख्या दिसली की ‘फॉर’, साल दिसले की ‘सिन्स’, एवढे पाहून हात लिहून मोकळा होतो.

आपण स्वतःचाच मजकूर वापरा. दुरुस्त झालेले पाच-सहा मेल एका वहीत उतरवून घ्या आणि त्यांतील क्रियापदे, शब्दयोगी अव्ययांच्या जागी येणारे ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’ आणि ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ गाळा. क्रियापद पूर्ण गाळावे आणि कंसात फक्त त्याचे मूळ रूप द्यावे, म्हणजे काळ आपल्यालाच ठरवावा लागेल. काही ठिकाणी मुद्दाम अशी रेघ ओढा, जेथे काहीच भरायचे नाही. वही तीन-चार दिवस बाजूला ठेवून मग सोडवा; लगेच सोडवल्यास स्मरणशक्तीची परीक्षा होईल, व्याकरणाची नाही. विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेल्या क्लोझ पद्धतीत सलग उताऱ्यातून ठरावीक अंतराने शब्द गाळत असत, पण तिचा हेतू उतारा वाचायला किती सोपा आहे हे मोजण्याचा होता. आपल्याला जे चुकते तेच निवडून गाळलेले बरे.

माझ्या अनुभवात मराठी विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतो तो ‘सोमवारी’ आणि ‘सकाळी’ येथे. आपल्याकडे दोन्हींना एकच ‘ई’, इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’ आणि ‘इन द मॉर्निंग’. मेलमध्ये मालाच्या तारखा येतातच, तेव्हा या जागा अवश्य गाळा. प्रत्येक सरावानंतर वही मिटून त्याच नियमाची दोन वाक्ये आपल्या दुकानातील कामावर लिहा. ही पायरी वगळू नये.

मूळ लेखिका

सर, मनापासून आभार. दोन मेलवर हे करून पाहिले आणि तेवीस जागांपैकी फक्त अकरा बरोबर आल्या. एका ठिकाणी मात्र उत्तर ठरवता येत नाही. ‘प्लीज सेंड ___ बिल’ येथे मी ‘अ’ लिहिले होते, मूळ मेलमध्ये ‘द’ आहे. दोन्ही योग्य नाहीत का?

प्रतिसाद २

ताई, व्याकरणाने दोन्ही योग्य आहेत. समोरच्याला कोणते बिल ते आधीच ठाऊक असेल, म्हणजे आदल्या वाक्यात त्याचा उल्लेख झाला असेल, तर ‘द’. पहिल्यांदाच मागत असाल तर ‘अ’. म्हणूनच सुटे वाक्य न घेता त्याच्या आधीचे एक-दोन ओळींचे बोलणेही वहीत उतरवून घ्या, मग अशा जागी एकच उत्तर उरेल.