संगीतात रमणारे डॉक्टर: तुमचे अनुभव लिहा

घंटाळीकरीण: काल राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत रिडेव्हलपमेंटला गेलेल्या एका बिल्डिंगमधून पियानो उतरवत होते. दोर, घामाघूम माणसं, "अरे हळू, भिंतीला घासतोय". मी भाजीच्या पिशव्या घेऊन तिथेच उभी. आमच्या डॉक्टरांचा पियानो! खाली दवाखाना, वर घर. शेवटचा पेशंट गेला की कंपाउंडर शटर अर्धं ओढायचा आणि थोड्या वेळाने वरून सुरू व्हायचं.

मावशी गेली त्या वर्षी आईची झोप उडाली होती. झोपेची गोळी मागायला गेली. डॉक्टरांनी बीपी बघितलं, इकडचं तिकडचं विचारलं आणि म्हणाले, "गोळीचं बघू. आज नऊनंतर वर या, लेकीलाही आणा." गेलो. त्यांच्या मिसेसनी कॉफी दिली. डॉक्टर काही न बोलता वाजवत बसले. काय वाजवलं ते मला आजही सांगता येणार नाही. आई आधी अवघडून बसली होती, मग पदर डोळ्यांना लावला, मग खुर्चीतच डुलकी. ते थांबले नाहीत, पायाने काहीतरी दाबून आवाज तेवढा बारीक केला. चमत्कार वगैरे नाही हं, पुढच्या आठवड्यात गोळी दिलीच, अर्धी. पण त्यानंतर आई अधूनमधून नऊ वाजले की म्हणायची, जाऊन येऊ का गं?

तुमच्याकडे असे कोणी?

कोपरीचा_बंड्या: आमचे डॉक्टर गायचे. त्यावर औषध नव्हतं.

दोन_लेकरांची_आई: 😂😂 बंड्या

आमचे नेरूळचे बालरोगतज्ज्ञ. पियानो नाही, टेबलावर छोटा कॅसिओ. इंजेक्शनच्या आधी मुलाला म्हणतात, फक्त काळ्या पट्ट्या दाब, हव्या त्या, हव्या तशा. खरंच गोड वाजतं, काहीही दाबलं तरी! तो वाजवण्यात गुंग, इकडे सुई टोचून झालेली. आता धाकटा विचारतो मला ताप कधी येणार. थांबा कुकर झाला

पेटीवाला_नौपाडा: गोड वाजणारच. काळ्या पट्ट्या पाचच. काळी तीन 'सा' धरलात तर भूप राग. त्याच पट्ट्या, पण सा काळी एक धरा, दुर्गा. काळी पाच धरा, मालकंस. डॉक्टर पोरांना नकळत मूर्च्छना (सूर तेच, फक्त 'सा' बदलून नवा राग) शिकवतायत, फी वेगळी घ्यायला हवी त्यांनी.

बाकी पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, म्हणून आपल्याकडे तो रुजला नाही. पेटीवरही निघत नाही म्हणा. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तरी घरोघरी राहिलीच ना.

रिव्हर्स_गिअर: पियानो म्हटलं की मला गाडी मागे घेताना वाजायची ती धून आठवते. लहानपणी वाटायचं मारुतीवाल्यांनीच बनवलीय.

पेटीवाला_नौपाडा: बीथोव्हेन. १८१० ची. छापली गेली १८६७ ला, तोवर तो जाऊन ४० वर्षं झाली होती.

रिव्हर्स_गिअर: आणि आमच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला वाजायची. त्याच्या आत्म्याला शांती, आम्हाला नाही

घोडबंदर_त्रस्त: डॉक्टर आणि कला म्हणाल तर घाणेकर नाट्यगृह ज्यांच्या नावाचं ते काशिनाथ घाणेकरही दाताचे डॉक्टर. तिथे पोचेपर्यंत पहिला अंक संपतो ते वेगळं. काल माजिवडा ते मानपाडा पाऊण तास, कोणी होतं का त्यात?

खारकर_आळी: मी होते 🙋 विषय सोडू नका पण

सानपाडा_सूनबाई: माझा अनुभव उलटा आहे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉबीत पियानो ठेवलाय, माणूस नाही, आपोआप वाजतो. बाबांचं डिस्चार्जचं बिल होईपर्यंत दुपारभर तेच ऐकलं. शेवटी रडू आलं, पण ते आकडा बघून.

याउलट सासऱ्यांच्या वेळी. झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. साधं 'पाणी' म्हणता येईना. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, यांना काय आवडतं? सासूबाई म्हणाल्या हरिपाठ. तर डॉक्टर स्वतःच पलंगाशी उभे राहून म्हणायला लागले, चाल पार चुकीची. सासऱ्यांनी मान हलवली आणि पुढची ओळ बरोबर चालीत म्हटली. शब्दांसकट! वॉर्डातल्या सिस्टरही थांबल्या.

वाचोपचार_वाशी: सानपाडा, हे आम्ही नेहमी बघतो. बोलण्याची सूत्रं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतात. गाण्यात उजवी बाजूही कामाला लागते, म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. यावर बेतलेली उपचारपद्धत १९७३ पासून आहे. डाव्या हाताने ताल धरायला लावून 'पाणी हवंय', 'भूक लागली' अशी छोटी वाक्यं चालीत म्हणून घ्यायची, मग चाल हळूहळू काढून टाकायची. सगळ्यांना जमत नाही, खूप चिकाटी लागते. सासरे आता कसे आहेत?

सानपाडा_सूनबाई: बोलतात. मोजकं. टीव्हीच्या रिमोटबद्दल मात्र भरपूर.

जुनं_पुस्तक: अल्बर्ट श्वाइट्झरचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? आधी बाख वाजवणारा नावाजलेला ऑर्गनवादक, तिशीत डॉक्टरीला प्रवेश, १९१३ ला आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना. पॅरिसच्या बाख सोसायटीने त्याला तिथल्या दमट हवेत टिकेल असा, ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेला पियानो भेट दिला होता. दिवसभर पेशंट, रात्री रियाज. १९५२ चं शांततेचं नोबेल.

खारकर_आळी: @घंटाळीकरीण पियानो गेला कुठे? भंगारात नाही ना

घंटाळीकरीण: नाही नाही. टेम्पोवाल्याला विचारलं, सीवूड्सला डॉक्टरांच्या नातीकडे. ती फिजिओ आहे म्हणे.

पेटीवाला_नौपाडा: सीवूड्स म्हणजे खाडीचं वारं. आत २०० च्या वर तारा असतात, गंज धरतो, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पावसाळ्यात आत एक बारका बल्ब लावून ठेवायला सांगा, जुने लोक तेच करायचे. आणि लगेच ट्यूनिंग नको, दोन-तीन आठवडे नव्या जागेत रुळू द्या.

घंटाळीकरीण: अहो मी त्या मुलीला ओळखत पण नाही 😅

जुनं_पुस्तक: ट्यूनर ठाण्यात मिळतो का कुणी? आमच्याकडे पण एक पडून आहे, सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे.

पेटीवाला_नौपाडा: व्यनि (खाजगी निरोप) केला.

कोपरीचा_बंड्या: त्या नेरूळच्या कॅसिओवाल्या डॉक्टरांचा नंबर पण द्या कोणीतरी. पोरगी दवाखान्याच्या पायरीवरूनच पळते

दोन_लेकरांची_आई: व्यनि बघ. शनिवारी जाऊ नकोस, तुफान गर्दी असते आणि कॅसिओसाठी मारामारी